अवधूतचं कुलूप

कुपवाडच्या शेडमध्ये बेदाण्याच्या सौद्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणारे दोघेच होते, सुमंत आणि अवधूत. त्यातला अवधूत दिवाळीत पुण्याच्या कंपनीत गेला. आता सुमंत म्हणजेच सगळं खातं. साहेबही तोच, हाताखालचाही तोच.

प्रोग्रॅमच्या फायली एका सामायिक कोठारात असत. ज्यानं फाईल दुरुस्तीला घेतली त्याच्या नावाचं कुलूप तिच्यावर पडे. तो परत ठेवीपर्यंत दुसऱ्यानं हात लावायचा नाही. जाताना अवधूत वजनाची फाईल परत ठेवायला विसरला. ते कुलूप सुमंतला तोडता येत होतं. पण एसटीतल्या सीटवर कुणी रुमाल टाकलेला असला, तर भला माणूस तिथं बसतो का? व्यापाऱ्यांनी बदल मागितला की सुमंत अख्ख्या प्रोग्रॅमची, मागच्या सौद्यांच्या आकड्यांसकट, शेजारी एक तात्पुरती नक्कल करी आणि काम भागवी. अवधूत आला की एकत्र करू, म्हणे. असा सभ्यपणा साठत साठत डिस्क गच्च भरली आणि यंत्र बसलं.

मालक विष्णुपंत दारातूनच ओरडले, "अरे, तासगावचे व्यापारी फोनवर माझं श्राद्ध घालतायत! उद्या सौदा आहे. झालंय काय?"

"जागा संपलीय, काका. तात्पुरत्या फायली काढाव्या लागतील."

"मग काढ की! का मुहूर्त बघू?"

"अवधूतला एकदा विचारून..."

"त्याला पगार पुरेना म्हणून तो गेला, यंत्राला जागा पुरेना. मी कुणाकुणाची समजूत काढू रे?"

सुमंतनं पुण्याला फोन लावला. पलीकडे चारपाच जण हसत होते.

"वजनाची फाईल? कुठली रे?" अवधूत म्हणाला. "अजून चालतो होय तुमचा तो प्रोग्रॅम? उडव गड्या, बिनधास्त!"

आणखी काही बोलावं तर पलीकडून कुणीतरी त्याला चहाला हाक मारली.

एक अगदी निकामी नक्कल पुसून सुमंतनं श्वास घेण्यापुरती जागा केली आणि कुलूप तोडायला घेतलं. यंत्रानं कारण विचारलं. तोडणाऱ्यानं लिहिलेलं कारण कुलूपवाल्याला पत्रानं कळवायचं, असा त्याचा रिवाज. अवधूतची पत्रपेटी याच यंत्रात, याच टेबलाखाली. ती उघडणारं कुणी उरलं नव्हतं.

सुमंतनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'अवधूत आता येणार नाही.' यंत्राला एवढं पुरत होतं. तरी त्यानं खाली आणखी एक ओळ घातली, 'जेवलास का?' आणि पत्र जाऊ दिलं.

मग त्यानं पहिल्या नकलेतला बदल मूळ फायलीत उतरवला, आणि ती नक्कल पुसली.