कोंडाजीची तबकडी

प्रवीणला जुन्या रेकॉर्डींचं वेड होतं, आणि वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. खालापुरात नोकरी, घरी भिंतभर रॉक अँड रोल, तेही अगदी सुरुवातीचं, पन्नासच्या दशकातलं. त्याची बायको, हर्षला, म्हणायची, "मी तापाने फणफणले तरी कपाळाला हात लावत नाही हा माणूस, आणि रेकॉर्डीवर बोट उमटलं की घर डोक्यावर घेतो!" खोटं नव्हतं हो ते.

अशा माणसाला कशेळ्याजवळ कोंडाजी सापडला. म्हातारा पूर्वी एका साहेबाच्या बंगल्यावर रखवालदार होता. साहेब परदेशी जाताना त्याला चावीचा ग्रामोफोन आणि एक लाखेची तबकडी देऊन गेला होता. तबकडीवरचं नाव वाचून प्रवीणचा श्वासच अडकला. हे गाणं दुसऱ्या कुणाकडे असल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"विकायची नाय," कोंडाजी म्हणाला. "आमची कारभारीण, कोंडी, या गाण्याला लय हसायची. मी गेल्यावर घेऊन जा. तुझीच हाय."

झालं! इथंच माशी शिंकली. कारण कोंडाजी ती रोज संध्याकाळी लावायचा. लोखंडी सुई, आणि महिनोन्महिने तीच. जाणकार माणूस दर वेळी सुई बदलतो. बोथट सुई तबकडीतलं गाणं खरवडूनच काढते. प्रवीणने नव्या सुयांची डबी नेऊन दिली. "असू दे रं, ही वाजते की," म्हणून म्हाताऱ्याने ती तशीच ठेवून दिली.

प्रवीण दर रविवारी कशेळ्याला जाऊ लागला. दर खेपेला गाणं आणखी पुसट, खरखर आणखी मोठी. कोंडाजीचं हृदय अधू होतं. कळ आली की जिभेखाली गोळी ठेवायची. आधी प्रवीण म्हणायचा, "बाबा, कर्जतला डॉक्टरांना दाखवू या, मी गाडी आणतो." पुढे म्हणेनासा झाला. मग नुसतंच विचारू लागला, "परत कळ आली होती का हो?" म्हातारा नाही म्हणाला की याचा चेहरा पडायचा. एकदा हे त्याचं त्यालाच कळलं, तेव्हा स्वतःची शिसारी आली. तरी पुढच्या रविवारी गेलाच!

त्या संध्याकाळी गाणं अंगणातच ऐकू आलं. आत कोंडाजी भुईवर आडवा, घामाने निथळलेला. एका हाताने छाती धरलेली, दुसरा फळीवरच्या बाटलीकडे.

"गोळी... गोळी दे रं."

प्रवीण धावला. पण पाय ग्रामोफोनकडे वळले. ती खरखर त्याला सोसवेना. त्याने सुई उचलली. तबकडी काढून उजेडात धरली, चरे पाहिले, हलकेच फुंकर मारली, सोबत आणलेल्या पाकिटात अलगद सरकवली. मग कुठे तो बाटलीकडे वळला.

कोंडाजी त्याच्याकडेच बघत होता. फळीकडे केलेला हात खाली आला होता.

"बाबा, ही घ्या, तोंड उघडा," प्रवीण गोळी पुढे करत म्हणाला.

म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली.