लाल चिंधीची कॅन

त्या साली वलगावच्या शिवारात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा एकदा दोन ओळींमधल्या तासात शिरला की दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज पुढं सरकायचा. औषधाचा वास भाकरीला लागला, अंथरुणाला लागला, अन् आठ दिवसांनी कोणाला यायचाच बंद झाला. आज या गावचा फवारणारा दवाखान्यात नेला, उद्या त्या गावचा, अशा बातम्या रोजच्याच. दुर्गाबाईचा ललित तरी पंप पाठीवर घेऊन जातच होता. त्याची बायको बाळंतपणाला दर्यापूरला, माहेरी. दिवस भरलेले.

"तोंडाले फडकं बांध," एवढं दुर्गाबाई रोज म्हणे अन् कामाला लागे. बाईची भांडी अशी लखलखीत की गल्लीतल्या बाया तिच्या ओट्यावर टेकायच्या आधी लुगडं झटकत. कोणाच्या घरात माठाला शेवाळ दिसलं की ही तोंडावर सांगायची, "बाई, यात बेडकं पाळतं काय?"

नवरा बुधाजी मात्र निवांत गडी. रोज सकाळी काचेच्या गिलासात पाणी भरून बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवायचा अन् तीन श्वास होईपर्यंत त्या पाण्याकडं पाहत बसायचा. विहारात भन्तेजींनी सांगितलं होतं, पाणी भरताना पाण्याकडं पाहावं, भाकर खाताना भाकरीकडं.

"पान्याकडं पाहून पोट भरते काय?" दुर्गाबाई चुलीपासून ओरडायची.

"तीनच श्वास लागतात, दुर्गे."

"माह्यापाशी एक बी रिकामा नाई."

सोमवारी तिला गोठ्यामागं पाच लिटरची एक प्लास्टिकची कॅन सापडली. मळकी, चिकट, मुठीला लाल चिंधी बांधलेली. ललित तिच्यात औषध कालवायचा, अन् ती चिंधी त्याचीच खूण होती. पण फवारणीची कामं पुरुषांची. दुर्गाबाईला कोण सांगतं? तिला दिसली ती नुसती घाण. "पाहा, पोराचे धंदे!" म्हणत तिनं चिंधी चुलीत घातली, राख अन् काथ्या घेऊन कॅन बाहेरून तीनदा घासली, तोंडातून हात जाईना म्हणून आत नुसतं पाणी खळबळलं, उन्हात पालथी घातली. ती अशी निघाली की जशी आजच दुकानातून आणली.

मंगळवारी पहाटे सुनेला कळा लागल्याचा फोन आला. बुधाजी पहिल्या एसटीनं दर्यापूरला निघाला. दारातून वळून म्हणाला, "गिलास तेवढा ठेवजो व."

"ठेवीन, जा आता!"

नळ आला, हंडे भरले, कॅनही भरली. ललितची घाई. तिनं दाराजवळची कॅन उचलून त्याची बाटली गळ्यापर्यंत भरली. तो गेला. मग भाकरी झाल्या, झाडझूड झाली. उन्हं खिडकीत आली तेव्हा तिला गिलास आठवला. त्याच कॅनमधून तिनं तो भरला, तसबिरीपुढं ठेवला अन् उठायला लागली.

पण घरात कोणी नव्हतं. पाहणारं नव्हतं, हसणारं नव्हतं. ती परत टेकली. घेतला एक श्वास. खिडकीतलं ऊन गिलासातून आरपार आलं, अन् तिला आयुष्यात पहिल्यांदा पाणी दिसलं.

पाणी निवळ नव्हतं. आत दुधाच्या धुवणासारखं पांढुरकं काही फिरत होतं. वर तेलकट, रंगीत साय.

दुसरा श्वास तिनं नाकाशी गिलास धरून घेतला, अन् औषधाच्या वासासरशी तिला चुलीत घातलेली लाल चिंधी आठवली. तिसरा घ्यायला थांबली नाही.

शेत दीड कोस नसेल, पण त्या दिवशी ते संपेना. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, मधे पांदणीची अरुंद वाट, अन् कुठंच पंपाचा आवाज नाही. "ललित! अरे ललित!" आवाज पऱ्हाटीत बुडून जायचा. बांधावरच्या निंबाला बाटली टांगलेली दिसली. तिनं गळ्यापर्यंत भरली होती. आता ती चार बोटं खाली होती.

निंबाच्या बुडाशी ललित बसला होता, घामानं डबडबलेला, तोंडावरची लाळ पुसत.

"माय, पानी कडू काहून लागून राहिलं व? एक घोट गेला, दुसरा थुकला. बाकीच्यानं तोंड धुतलं."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळातलं काळं टाचणीच्या डोक्याएवढं झालं होतं.

गावातल्या गयासुद्दीनचा ऑटो पांदणीच्या तोंडाशीच उभा होता. "बैठो काकू, बैठो," एवढंच तो बोलला अन् अमरावतीपर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. दुर्गाबाईनं ललितचं डोकं मांडीवर घेतलं होतं. राजापेठेच्या गर्दीत ऑटो अडकला. गाड्या, क्लासची पोरं, भाजीवाल्यांचा कालवा. तिला त्यातलं काही ऐकू येईना. ती त्याची छाती पाहत होती. वर. खाली. वर.

दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं. डॉक्टर पोरगी होती, बोलायला तुटक. "थुंकला म्हणून इथवर आला. पण उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. मावशी, तुम्ही एकच करा. त्याच्या श्वासाकडं पाहत बसा. अडकला वाटलं की लगेच हाक मारा."

गयासुद्दीननं फोन केला होता; दिवेलागणीला बुधाजी धापा टाकत आला. हातात पिशवी, चेहऱ्यावर दर्यापूरची बातमी. पलंगाकडं पाहून ती तोंडातच राहिली.

"कसं झालं, दुर्गे?"

"म्याच केलं," ती म्हणाली. मान वळवली नाही. "लाल चिंधी जाळली. कॅन घासून चकचकीत केली."

"नात झाली आपल्याले," बुधाजी हळूच म्हणाला. "घोटभर चहा घे."

"बोलू नका. मी पाहून राहिली."

ललितची छाती वर आली, अन् थांबली. दुर्गाबाईचं तोंड हाक मारायला उघडलं. मग छाती खाली गेली. तिनं तोंड मिटलं अन् पुढच्या श्वासाची वाट पाहू लागली.