नाव पुसलं, आकडा राहिला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. लाकडी कपाटांचे आराखडे काढणाऱ्या एका कार्यालयात, टेबलाखाली माझा मुक्काम असतो. माझ्यात लिनक्स ही संगणकप्रणाली घातली तेव्हा सगळे कौतुकाने वाकून बघत. आता येता-जाता चपला लागतात.

माझी एक रीत आहे. मी माणसांना नावाने नाही, आकड्याने ओळखतो. खाते उघडले की प्रत्येकाला एक आकडा मिळतो आणि त्याच्या फायलींवर मी तोच नोंदवतो. नाव फक्त तुम्हाला दाखवण्यापुरते.

आमच्या आरेखक काकांचा संगणकावर राग. त्यामुळे त्यांचे खाते सगळ्यांत शेवटी उघडले गेले. ते निवृत्त झाले तेव्हा माझी देखभाल करणाऱ्या दादाने ते खाते काढून टाकले आणि "झालं काम!" म्हणत चहाला गेला. सगळ्यांच्या सामायिक फोल्डरातली काकांची चित्रे मात्र राहिली, बेवारस आकडा अंगावर घेऊन.

मग नवी आरेखक ताई आली. पुढचा मोकळा आकडा म्हणून मी काकांचाच आकडा तिला दिला. त्याबरोबर काकांची चित्रेही तिची झाली, त्यांच्यावर तिचे नाव दिसू लागले.

त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी एक चित्र उघडले. चित्रात एक कपाट होते. त्याला हुबेहूब मालकीणबाईंचा चष्मा होता. सगळ्या खणांवर 'काम' लिहिले होते. एकावरच 'सुट्टी', आणि नेमकी त्याच खणाला मूठ नव्हती.

"आल्या आल्या माझंच कपाट केलंस?"

"शप्पथ मॅडम, मी नाही काढलं!"

"मग नाव कुणाचं दिसतंय? दादा, संगणक खोटं बोलतो का हो?"

"छे! त्याला कुठली एवढी अक्कल?"

"मग उद्यापासून येऊ नकोस तू."

ताईचे डोळे भरले. तरी तिने पडद्याजवळ वाकून पाहिले. "मॅडम, तारीख बघा ना. तेव्हा मी कॉलेजात होते!"

दादाचा चेहरा पडला. "अरे देवा, हा काकांचा आकडा!"

मग त्याने माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला. ताई येण्याआधीच्या फायली वेगळ्या काढल्या, ताईला कोरा आकडा दिला.

"मॅडम, हे कपाट पुसू?"

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "राहू दे. ताई, त्या खणाला मूठ काढ."

मित्रांनो, कुणाला निरोप दिलात तर नुसती पाटी उतरवू नका. आत काय राहिले तेही बघा. एखादे वेळी ठेवण्यासारखेही सापडते.

आणि हो, चपला जरा बाजूला काढा.