तीनशे अश्वशक्तीचा डोंगर

सकाळची पाळी सुरू झाली तेव्हा डोंगर कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. चालतच आला होता बिचारा. अंगावरची झाडं वाटेत गळून पडली होती. त्याला स्वतःला दळून घ्यायचं होतं.

"किती बारीक?" हेमांगी तोडकरनं विचारलं.

"वाऱ्यावर तरंगेन इतका," डोंगर म्हणाला. "एका जागी बसून कंटाळलोय."

कुठला दगड किती बारीक करायला किती ताकदीची मोटर लागेल, ते आधी सांगणं हे हेमांगीचं काम. तिच्या अंदाजानं मोटर बसवायची आणि तिच्याच घरच्या माणसानं खटका ओढायचा, अशी तिथली रीत होती. अंदाज कमी पडला तर उरलेली ताकद गिरणी त्या माणसातून ओढून घेई. हेमांगीच्या घरी माणूस एकच, तिचे वडील, तात्या. त्यामुळे ती कधी घाईनं आकडा देत नसे.

पण आज तिची मतीच गुंग झाली होती. मान वर करून करून दुखायला लागली, तरी डोंगराचा माथा काही दिसेना. तिनं पायथ्याचा एक दगड उचलला आणि चाचणीच्या छोट्या गिरणीत टाकला. खारी बिस्किटासारखा फुटला की तो!

"तीनशे अश्वशक्ती," ती म्हणाली. "वर पन्नास राखीव."

तात्यांनी बाह्या सरसावून खटका ओढला. डोंगर मान खाली घालून गिरणीत शिरू लागला. पिवळं पीठ अलगद हवेत चढलं. मग मुरूम संपला आणि काळा दगड आला.

अगं बाई! हेमांगीला आपली चूक कळली. उन्हापावसानं ठिसूळ झालेली साल तपासून तिनं अख्ख्या डोंगराचा आकडा दिला होता. मीटरचा काटा साडेतीनशे ओलांडून पुढे गेला. आधी तात्यांची सावली गेली, मग वजन. चपला जमिनीवरच राहिल्या आणि तात्या वीतभर वर आले.

"तात्या, सोडा तो खटका!"

"हात निघत नाही गं. पण तू तिकडे बघ आधी!"

तिनं बघितलं. दगड वितळलेला होता तेव्हाचा उजेड त्याच्या आत अजून तसाच होता. आता पिठाच्या कणाकणातून तो सुटत होता आणि वर, ठेंगण्या छपराच्या उघड्या झडपेबाहेर, पुन्हा डोंगराचा आकार घेत होता. कामगारांनी टोप्या काढल्या. असलं काही जन्मात बघायला मिळेल असं हेमांगीला वाटलं नव्हतं. क्षणभर ती बापालाही विसरली, आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

सगळ्यात जास्त ताकद खातो तो शेवटचा बारीकपणा. पीठ किती बारीक पडावं ते ठरवणाऱ्या जाळीच्या चाकाकडे ती धावली.

"जाडसर झालो तर उडणार नाही मी," डोंगर म्हणाला.

"माहीत आहे. माफ कर बाबा."

तिनं चाक फिरवलं. पिठाऐवजी रवा पडू लागला. काटा झपकन खाली आला, मोटर आपल्या जोरावर चालू लागली आणि तात्यांचा हात सुटला. पण ते खाली आले नाहीत. वर निघाले, झडपेकडे, त्या उजेडामागे. हेमांगीनं उडी मारून त्यांचा घोटा धरला. तिचेही पाय सुटले. तेवढ्यात गरम, जड रवा भसाभस तिच्या पायांवर येऊन पडला आणि तिला धरून बसला.

"पोरी, काय दिसतंय गं इथून!" झडपेतून डोकं बाहेर निघालेले तात्या ओरडले.

"डोंगर किती उरलाय?"

"अर्ध्याहून जास्त!"

वरची ओढ वाढतच होती. रवा गुडघ्यांवर आला, मग कमरेवर. कुणीतरी गिरणी बंद करायला धावलं.

"नको! रवा थांबला तर आम्ही दोघंही उडून जाऊ!" हेमांगी ओरडली. रवा तिच्या छातीपर्यंत आला होता.