जुन्या डिस्कची टकटक

तनुजाला ती टकटक पहिल्यांदा नवरात्रात ऐकू आली. भर दुपार होती, नवरा रणजीत पहिल्या शिफ्टला गेलेला, आणि निघोज्यातल्या त्या दोन मजली घरात ती एकटी. टीव्हीखालच्या कपाटात रणजीतनं एका जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून ठेवला होता. त्यात साठवलेलं काहीही घरातल्या टीव्हीवर बघता यायचं. त्या डब्यातून कुणी नखानं दार वाजवावं तसा आवाज आला. टक. टक टक. मग गप्प.

आता दुसरी कुणी असती तर नवरा घरात शिरायच्या आत सांगून मोकळी झाली असती. पण त्या डब्यात होतं कोण? स्वप्नाली! रणजीतची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेलेली. बया भारी हौशी. भाकरी थापताना व्हिडिओ, स्कूटर शिकताना व्हिडिओ, रुसली तरी व्हिडिओ. रणजीतनं ते सगळे लग्नाच्या शूटिंगसकट त्या डब्यातल्या चार टीबीच्या डिस्कवर चढवले आणि तिचा मोबाइल कुणाला तरी देऊन टाकला. दुसरी प्रत कुठंच नाही. टीव्ही लावला की आधी स्वप्नालीचा हसरा चेहरा, मग बाकीचं जग. तनुजाच्या लग्नाला आठ महिने झाले होते, पण अजून त्या खोलीत पदर सारखा करायचा म्हटलं तरी तिला कुणी बघतंय असं वाटायचं.

रणजीतला टकटक ऐकू येणं शक्यच नव्हतं. चाकणला पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटात सोळा वर्षं काढलेली, कानात घालायचे बोळे कायम खिशात. बारीक आवाज त्याच्या कानांना कधीचे सोडून गेले होते. कुकरची शिट्टी झाली, फोन वाजला, सगळं तनुजानं सांगायचं. हे मात्र तिनं नाही सांगितलं.

डिस्क भरत आली तेव्हा तो तिला घेऊन आकुर्डीला प्रज्वलच्या दुकानात गेला. प्रज्वल त्याचा शाळेतला दोस्त, कॉम्प्युटरचा धंदा करणारा.

"सोळा टीबीच्या दोन घे राव," प्रज्वल म्हणाला. "एकीवर टाकलं की दुसरीवर आपोआप उतरतं. एक गेली तरी दुसरी हाय. आणि साध्या नको, चोवीस तास चालणाऱ्याच घे. माल पुढच्या मंगळवारी येईल. जुनी आवाज करती का रे? टकटक वगैरे? करत असली तर ती मरायला टेकली समज. थांबू नको, आत्ता छोटी डिस्क ने आणि आजच कॉपी कर."

"छ्या! गपगार असती," रणजीत म्हणाला. मग तनुजाकडं वळला. "काय गं?"

तनुजा काउंटरवरच्या माउसकडं बघत राहिली. तिची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण रणजीतला हवं ते उत्तर मिळालं.

तो आठवडा तिला खायला उठला. टकटक वाढली. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, नळ चालू असतानासुद्धा ती कानात यायची. मंगळवारी दुपारी न राहवून तिनं टीव्ही लावला आणि समोर आला तो व्हिडिओ सुरू केला. स्वप्नाली बोलता बोलता मध्येच थिजली. तोंड उघडं, डोळे थेट तनुजावर. टक टक टक.

"गप की गं बाई," तनुजा पुटपुटली.

चित्र पुन्हा हललं. "अहो, कुकर! चार शिट्ट्या झाल्या!" स्वप्नाली ओरडत होती. मागं रणजीत पेपर वाचत निवांत बसलेला. स्वप्नालीनं कॅमेऱ्याकडं बघून कपाळावर हात मारला. "बघा, असा संसार हाय आमचा. समदं दोनदा सांगायचं, आणि मग गप बसायचं."

तनुजा खळखळून हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. त्या घरात तिचं दुखणं कळणारी तेवढी एकच बाई होती, आणि तिलाच तनुजा मरू देत होती.

तिनं डबा बंद केला आणि प्रज्वलला फोन लावला. डिस्क आल्याच होत्या, तासाभरात तो घेऊन आला. कॉपी सुरू झाली. रणजीत शिफ्टवरून आला तेव्हा तनुजानं त्याचा हात धरून डब्यावर ठेवला. तळव्याला ते धक्के लागले आणि त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी रणजीतनं सुट्टी टाकली. सकाळी अकराला जुनी डिस्क थांबली, ती थांबलीच. निम्म्याहून थोडं जास्त निघालं होतं.

"आठ दिवस आधी कळलं असतं तर समदं निघालं असतं," बघायला आलेला प्रज्वल एवढं बोलून गेला.

रणजीतनं टीव्ही लावला. पडद्यावर स्वप्नालीचे छोटे छोटे चेहरे सगळे जागच्या जागी होते. तो एकेक उघडत गेला. काही चालले. काही दाबले की नुसता काळा पडदा.

"कवापासून वाजत हुती?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"नवरात्रापासून." तिनं मोठ्यानं सांगितलं, परत सांगावं लागू नये म्हणून.

"दुकानात इचारलं, तवाबी?"

"तेव्हाही."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं आणखी एक व्हिडिओ दाबला. काळा पडदा.

"स्वप्नालीनंबी न्हाई सांगितलं," शेवटी तो म्हणाला. "सहा महिने कॅन्सरची गाठ तिच्या हाताला लागत हुती. डाक्टरनं इचारलं, नवऱ्याला का न्हाई सांगितलं? तर म्हनली, तेंना कुठं काय ऐकू येतं." त्यानं रिमोट खाली ठेवला. "डाक्टर हसला. मीबी हसलो."