वेळशी गावचा स्विस नागरिक

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याची घोषणा झाली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत गोळीबार झाले, माणसे गेली. त्यांच्याविषयी विनोदाने लिहिण्याचा अधिकार मला नाही. मी लिहितो आहे ते त्याच सुमारास करी रोडच्या एका चाळीत घडलेल्या, कोणाच्याही केसाला धक्का न लागलेल्या प्रकाराविषयी.

तांत्रिक महाविद्यालयातून बाहेर पडून मी परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात उमेदवार अभियंता म्हणून लागलो होतो. कापड वाळवण्याचे नवे यंत्र तेथे बसत होते. ते महिनाअखेर चालले तर मला कायम करायचे, न चालले तर उमेदवारी संपवायची, असे मॅनेजरांनी मला समोर बसवून सांगितले होते. ठाकूरद्वारच्या सरोजिनीशी माझे लग्न ठरले होते, पण तिच्या वडिलांनी मुहूर्त माझ्या नोकरीवर टांगून ठेवला होता. म्हणजे नोकरी, लग्न आणि यंत्र ही तिन्ही एकाच माणसाच्या हातात होती. तो माणूस म्हणजे यंत्र जोडण्यासाठी स्वित्झर्लंडहून आलेले ऊर्स बाउमान.

बाउमान पन्नाशीचे, उंच, मितभाषी गृहस्थ होते. छापील सूचनेवर त्यांची माझ्याहूनही अधिक श्रद्धा होती. यंत्राच्या पुस्तिकेत स्क्रू अडीच फेरे पिळा असे असेल, तर ते पावणेतीन फेरे पिळणाऱ्याला चारित्र्यहीन समजत.

हरताळाच्या दिवशी ते गिरणीत अडकले. फोर्टातल्या हॉटेलपर्यंत जायला ना ट्राम होती ना टॅक्सी. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या वकिलातीने अशांततेच्या काळासाठी आपल्या नागरिकांना धाडलेले ते परिपत्रक होते. त्यांनी ते मला सावकाश वाचून दाखवले. खिडकीपासून दूर राहावे. पिण्याचे पाणी भरून ठेवावे. स्थानिक राजकारणावर मत देऊ नये. निदर्शनांत स्वतः भाग घेऊ नये. आणि शेवटी असे, की ज्यांना देशबांधवांचा किंवा जबाबदारी घेणाऱ्या स्थानिक कुटुंबाचा आसरा नसेल, त्यांनी पहिल्या बोटीने देश सोडावा.

"परळमध्ये स्विस कुटुंब आहे का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग मी शनिवारच्या बोटीने जातो," असे म्हणून त्यांनी हत्यारपेटीतले पाने पुसायला घेतले.

यंत्राचे शेवटचे दोन रूळ अजून बसायचे होते. मी स्वतः गिरगावात एका बिऱ्हाडी पैसे देऊन जेवणाऱ्या पाहुण्यासारखा राहत होतो. माझी जबाबदारीच दुसऱ्या कोणी घेतलेली, मी कोणाची घेणार? तेव्हा मला रंगखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, गुणाजी आठवला.

गुणाजीच्या ताब्यात वेळशी गावकऱ्यांची खोली होती. गिरणगावात अशा खोल्या पुष्कळ होत्या. कोकणातल्या एका गावची वीसेक माणसे एका खोलीत राहत, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत, आणि गावकीचे कायदे तेथेही चालत. खोलीत गावाबाहेरचा माणूस घ्यायचा नाही, हा पहिला कायदा.

गुणाजीने बाउमानना दारात उभे करून सभा घेतली.

"गेल्या साली खाडीपलीकडच्या धोंडूला आपण घेतला नाही," कोंडीराम नावाचा तरणा विणकर म्हणाला. "मग ह्यांना कसे घेता?"

"धोंडूच्या गावाशी आपलो शिवेचो तंटो आसा," गुणाजी म्हणाला. "सायबाच्या गावाशी काय तंटो आसा?"

कोणालाच काही आठवेना. एका म्हाताऱ्याने सावधगिरीने विचारले, की त्यांच्या गावचे पाणी आपल्या नदीला मिळते काय. मी नाही म्हटले. मग तंट्याला जागाच उरली नाही.

मी हे सारे बाउमानना इंग्रजीत समजावले. मला भीती होती ती त्यांच्या हसण्याची, पण ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडेही असेच असते. माणूस आधी गावचा नागरिक होतो, मग देशाचा. गावाने घेतले नाही तर सरकार काही करू शकत नाही. नियम काय आहेत?"

"गावकीची जी पाळी येईल ती चुकवायची नाही," गुणाजीने सांगितले. "आणि जामीन कोण?"

"मी," मी म्हणालो. हे मी यंत्राच्या रुळांकडे डोळे लावून म्हणालो, नियमाकडे नव्हे.

बाउमान खोलीत फार चटकन रुजले, आणि त्याचे सारे श्रेय त्यांच्या वकिलातीला आहे. खिडकीजवळची वाऱ्याची जागा वडीलधाऱ्यांची. परिपत्रकाप्रमाणे ते तिच्याकडे फिरकलेही नाहीत, तेव्हा "नव्या माणसाक रीत कळता" असे सर्वांचे मत झाले. पाणी भरून ठेवायचे म्हणून त्यांनी पहाटे नळ आल्याबरोबर खोलीतले झाडून सारे हंडे भरले. राजकारणावर रात्ररात्र वाद चाले, त्यात ते तोंड उघडत नसत, म्हणून त्यांचा निवाडा फार वजनदार असणार असे मानून दोन्ही बाजू त्यांच्याकडे पाहत. शेजारी खानावळ चालवणारी रखमा तेवढी साशंक होती.

"ह्यो भात खाता, पण बोलना नाय," ती मला म्हणाली. "आवडला का नाय, माका कळाचा कसा?"

"मावशी, त्यांना तिखट जरा कमी घाला."

"डोळ्यांतसून पाणी येता तेचा, तरी परत मागता. तुमका कोणी इचारला?"

पाच दिवस गिरणी बंद होती. सहाव्या दिवशी ती उघडणार, दोन रूळ बसणार, असे गणित मी मांडले होते. चौथ्या दिवशी कोंडीराम मला शोधत आला.

"शामरावसाहेब, उद्या आपल्या खोलीची सत्याग्रहाची पाळी. खोलीत जो नवा, त्याचा पहिला नंबर. साहेबांना सांगा, सकाळी जेवून तयार राहा."

मी धावतच खोलीवर गेलो. बाउमान अंथरुणाच्या वळकटीवर ताठ बसले होते. मांडीवर परिपत्रक होते.

"निदर्शनांत मला भाग घेता येत नाही," ते म्हणाले. "पण गावाची पाळी चुकवली तर मी गावचा राहत नाही. गावचा राहिलो नाही तर आसरा नाही, आणि मग शनिवारची बोट. शामराव, दोन्ही नियम बरोबर आहेत."

एवढे असहाय मी त्यांना यंत्राखाली झोपलेले असतानाही पाहिले नव्हते.

गुणाजी तंबाखू मळत होता. "येवडा काय त्यात? गिरणीत कायम माणूस येना नाय, तर काय साचो बंद ठेवतत? बदली भरतत."

गिरणीत गैरहजर कामगाराच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरता दुसरा उभा राहतो, त्याला बदली म्हणतात, हे मी बाउमानना सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम व्यवस्था आहे. माझा बदली कोण?"

"जामीन," गुणाजी म्हणाला, आणि साऱ्या खोलीने माझ्याकडे पाहिले.

गिरणीच्या दरवाजावर नोटीस होती, की मोर्च्यात पकडलेल्या उमेदवाराला कायम केले जाणार नाही. गेलो तर नोकरी जाणार, न गेलो तर बाउमान जाणार आणि नोकरी त्यांच्यामागून जाणार. दोन्ही बाजू मी कागदावर मांडून पाहिल्या. उत्तर सारखेच आले. निदान गेलो तर यंत्र तरी चालेल, असे मनाशी म्हणून मी सकाळी रखमाच्या हातचे जेवून सत्याग्रहींच्या तुकडीत उभा राहिलो.

भायखळ्याच्या पुढे आम्हाला गाडीत घातले. चौकीत फौजदार थकलेला होता.

"नाव?"

मी उत्तर देण्याआधीच कोंडीराम म्हणाला, "ऊर्स बाउमान, मुक्काम वेळशी."

"अरे, माझे नाव सांग," मी कुजबुजलो.

"साहेब, बदलीची हजेरी कायम माणसाच्या नावावर पडते. तुमच्या नावाने लावली तर पाळी तुमची भरेल, त्यांची राहीलच."

नियम म्हणून त्याचे बरोबर होते. फौजदाराने टाक थांबवला. "सकाळपासून प्रत्येकाने आपले नाव महाराष्ट्र आणि बापाचे नाव शिवाजी सांगितले आहे. तुम्ही निदान वेगळे काही सांगताय. राष्ट्रीयत्व?"

खोटे बोलण्याची मला सवय नव्हती. "कायम माणसाचे स्विस," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे, मग माझ्या कोल्हापुरी वहाणांकडे पाहिले, आणि नसती बिलामत नको म्हणून वकिलातीला फोन लावला.

सायंकाळी हॅट घातलेले एक छोटेखानी अधिकारी आले. आपल्या नागरिकाला पाहून ते दाराशीच थबकले. मी त्यांना प्रारंभापासून क्रमाने सर्व सांगितले.

"म्हणजे आमच्या नागरिकाने निदर्शनाला आपला प्रतिनिधी पाठवला?"

"पाळी त्यांची, भाग माझा," मी म्हणालो. "त्यांनी स्वतः भाग घेतलेला नाही. आपली सूचना तंतोतंत पाळली गेली आहे."

त्यांनी हॅट काढून हातात घेतली. "ती सूचना मीच लिहिली," ते शेवटी म्हणाले, "पण तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते."

फौजदाराने तुकडीला समज देऊन सोडले. अधिकारी माझ्याबरोबर थेट खोलीवर आले. बाउमान खिडकीपासून दूर, भरलेल्या हंड्यांशेजारी, वीस माणसांत मुकाट्याने बसून डोळे पुसत सुकट-भात जेवत होते.

"तुम्ही शनिवारच्या बोटीने निघावे," अधिकारी म्हणाले. "ही खोली गर्दीची आहे."

बाउमान उभे राहिले. "मला आसरा आहे. जबाबदारी घेणारे लोक आहेत."

"कोण घेतो जबाबदारी?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. गुणाजीने हात धुतले, पंच्याला पुसले आणि उंबऱ्यापर्यंत आला.

"सायबांका सांगा," तो मला म्हणाला, "ह्यो आमचो माणूस. आज तेची बदली भरली. ज्याची बदली भरली, तेची जागा कोण काढून घेणा नाय. गिरणीवालोसुदीक नाय."

अधिकाऱ्यांनी परिपत्रक उलटसुलट करून पाहिले. याच्यावर त्यांच्या सरकारने काही छापलेले नव्हते. रखमाने तेवढ्यात त्यांच्याही पुढे ताट ठेवले. ते जेवले, दोनदा पाणी प्याले आणि हॅट विसरून गेले.

गिरणी उघडताच रूळ बसले, आणि महिना संपायच्या आत यंत्रातून पहिले कोरडे कापड बाहेर आले. बाउमाननी यंत्र नीट चालल्याची पावती लिहून दिली. मॅनेजरांनी मला बोलावले.

"तुमची गैरहजेरी आहे एका दिवसाची. गिरणी बंद असली तरी अभियंत्यांनी यायचे होते. कोठे होता?"

"बाउमान यांच्या जागी कामावर होतो," मी म्हणालो.

पकडलेल्यांत गिरणीच्या कोणत्याही उमेदवाराचे नाव आलेले नव्हते. मॅनेजरांनी समाधानाने मान हलवली आणि मला कायम केल्याच्या कागदावर सही केली. सरोजिनीच्या वडिलांना मी तो त्याच दिवशी नेऊन दाखवला.

पगारातून मात्र एक दिवस कापला गेला. त्याविरुद्ध मी तक्रार केली नाही. त्या दिवशी माझी बदली कोणीच भरलेली नव्हती.