चार बोल्टांवरची थोरली

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. भिंतीतली नव्हे, नावेवरची. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, या घरच्या जावयाला वागायची रीत नाही. जिने बेचाळीस वर्षं चाळीस फुटी लाकडी नाव धक्क्याला धरून ठेवली, तिच्या शिंगांवर त्याने ओले मोजे वाळत घातले. एका शिंगावर एक, दुसऱ्यावर दुसरा. वर बायकोला म्हणतो कसा, "बघ, किती सोयीची जागा आहे."

मी काशाची आहे. एका ओताऱ्याने लाकडी नमुना वाळूत दाबून माझा साचा केला आणि त्यात लालभडक रस ओतला. त्याच नमुन्यावरून त्याने लगेच दुसरी खुंटी ओतली, ती माझी धाकटी बहीण. धाकटी फक्त पाच मिनिटांनी, पण मी तिला ते कधी विसरू दिलं नाही. आम्हाला प्रत्येकी दोन आखूड पाय आणि वर दोन्ही बाजूंना एकेक शिंग. मला नावेच्या पुढच्या टोकाला बसवलं, तिला मागे.

बसवलं म्हणजे कसं, ते नीट ऐका, कारण पुढे सगळं त्यावरच टांगलेलं होतं. सुताराने डेकमधून आरपार चार भोकं पाडली. डेकच्या खालून चार बोटं जाड अशी सागाची पाटी लावली आणि वरून बोल्ट घालून खाली नट आवळले. दोराला ओढ बसली की ती एका फळीवर पडत नाही, पाटीवरून सगळ्या नावेत वाटली जाते. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. खालच्या खोलीत आडवं पडून छताकडे बघणाऱ्यालाच ते दिसतं.

मालकांना ते माहीत होतं. दोर बांधायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी माझ्या पायांभोवती एक पूर्ण वेढा, मग शिंगांवर दोनदा आठाचा आकडा, शेवटी एक उलटी अढी, म्हणजे दोराला उलटा पीळ देऊन शिंगात अडकवायचा. एवढंच. ना गाठ, ना गुंता. ताण असतानाही सोडता येईल असं. रोज सकाळी ते माझ्यावर तळवा ठेवायचे आणि नावेत चढणाऱ्या प्रवाशांना सांगायचे, "ही आमची थोरली. हिच्या जिवावर रात्री झोप लागते." मी फुगायची. का फुगू नये?

मग मालक गेले. मालकीणबाईंनी नाव चालू ठेवली. माणसांना खाडीतून तासभर फिरवून आणायचं, त्यावर घर चालायचं. या वर्षी धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांचा पाय मोडला. पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. लेक म्हणाली, "आई, घरी चल." त्या म्हणाल्या, "मी जिवंत असेपर्यंत नावेला राखण मीच." आणि पुढच्या खोलीतल्या बाकड्यावर, बरोबर माझ्या खाली, आडव्या झाल्या. कुबडी हाताशी, नजर छताला.

तेव्हा जावई मदतीला आला. त्याचं दुकान नळ, फवारे, साबणदाण्या, टॉवेलच्या दांड्या असल्या सामानाचं. मनाने वाईट नाही, तेवढं मी कबूल करते. पण त्याला चकाकी दिसली की तो विरघळतो. त्याने सगळ्या डेकला पांढरा रंग फासला, कठड्याला फासला, मलाही फासला. धाकटीला उखडून घरी नेलं आणि दिवाणखान्यात कोट अडकवायला लावलं. तिच्या जागी आली एक चकचकीत स्टीलची खुंटी, इंचभर लांबीच्या चार स्क्रूंवर. टॉवेलची दांडी भिंतीत बसवतात तशी. माझेही बोल्ट काढायला तो बसला होता, पण ते इतके जाम होते की पाना सटकून त्याचीच बोटं सोलली. मग माझ्या बाजूला, दोन हातांवर, त्याने दुसरी स्टीलची बसवली आणि दोर तिला बांधला. मला राहिले मोजे.

"जावईबापू, वर काय ठोकठोक चाललंय?" मालकीणबाईंनी खालून विचारलं होतं.

"काही नाही आई, थोडं नवं सामान बसवतोय. छान दिसतंय."

"दिसायला काय, न्हाणीघर आहे का हे?"

तो हसला होता. लेकही हसली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, वारा फिरला. ओहोटी लागलेली, खाडीचं पाणी समुद्राकडे धावत होतं आणि वाराही त्याच अंगाने. पाण्याच्या वाटेवर, आमच्यापासून नावेच्या दीड लांबीवर, पुलाचा दगडी खांब. लेक आणि जावई डेकवर, मालकीणबाई खाली. दोन्ही दोर नव्या खुंट्यांवर.

पहिला आवाज मी ऐकला. स्क्रू लाकडातून निघताना बारीकशी किरकिर होते. मागची खुंटी. एक निघाला. दुसरा निघाला. तिसरा आणि चौथा एकदमच. मागचा दोर सुटला, नावेचं ढुंगण धक्क्यापासून लांब गेलं आणि प्रवाहाने तिला फिरवायला सुरुवात केली. आता सगळी नाव पुढच्या एका दोरावर, म्हणजे माझ्या त्या चकचकीत शेजारणीवर.

ती हलली. तिच्याभोवतीचा पांढरा रंग केसासारखा चिरला.

"अगं, ही पण सुटतेय!" जावयाचा आवाजच फाटला. दोराचं सुटं टोक खुंटीपलीकडे डेकवर वेटोळं होऊन पडलं होतं. त्याने ते उचललं आणि धावला. कुठे? कठड्याकडे.

मी काय करणार? मला पाय आहेत, पण चालायचे नाहीत.

खालून मालकीणबाईंचा आवाज आला. ओरडल्या नाहीत, पण शब्द न शब्द वर पोचला. "जावईबापू, तुमची पावलं डावीकडे का गेली? कुठे बांधताय?"

"कठड्याच्या खांबाला, आई."

"कठडा तुम्ही पाण्यात पडू नये म्हणून आहे. नाव धरायला नाही. काडीसारखा मोडेल. थोरलीला बांधा."

"थोरली कुठली? इथे सगळंच पांढरं आहे."

शेजारणीचा एक स्क्रू निघाला.

"जिला मोजे लावता ती," लेक म्हणाली, पण मोजे वाऱ्याने केव्हाच उडाले होते, आणि घाबरलेल्या माणसाला पांढऱ्या डेकवरच्या पांढऱ्या चार वस्तू सारख्याच. मी, दोर सरळ जावा म्हणून काठाला असलेली खाच, झेंड्याच्या काठीची बैठक आणि हवेची झडप. त्याचे हात झेंड्याच्या बैठकीकडे वळले.

दुसरा स्क्रू.

आणि मग माझ्या पायाखाली ठोका बसला. धप्. पुन्हा धप्. मालकीणबाईंनी कुबडी उचलली होती आणि छतातल्या सागाच्या पाटीवर, बरोबर माझ्या चार नटांच्या मधोमध, ठोकत होत्या. "जिथे ठोकते तिथे," त्या म्हणाल्या. "मला इथून नट दिसतायत. बाकी कशालाही खालून नट नाहीत."

जावई गुडघ्यांवर आला. त्याने डेकवर तळवा टेकवून ठोका शोधला. तळवा सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि थांबला. मालकांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी हात ठेवला.

"सापडली, आई."

"आधी पायांभोवती एक वेढा. पूर्ण. झोल ठेवू नका."

घातला.

"आता आठाचा आकडा. शिंगांवरून. बोटं लांब ठेवा, ओढ बसली तर बोटं राहायची नाहीत."

एक आठ. दुसरा आठ.

"उलटी अढी घाला आणि मागे व्हा. दोघंही."

ते मागे झाले, आणि शेजारण उडाली. दोर तिच्यातून माझ्यावर आला. मित्रांनो, चाळीस फुटी नावेचा हिसका काय असतो ते शब्दांत नाही सांगता यायचं. माझ्यावरच्या रंगाचा सगळा पापुद्रा एका क्षणात फुटला. बोल्ट कण्हले, पाटी कण्हली, सगळं डेक कण्हलं. पण कुठलीच फळी एकटी पडली नाही. नाव गर्रकन फिरली, मागचा भाग खांबाकडे झेपावला, जवळ, आणखी जवळ, आणि दोर ताठ झाला तशी थांबली. खांब आणि आम्ही यांच्यात दोन हात पाणी. शेजारण दोराला डुलासारखी लोंबकळत होती.

मग खालून आवाज आला, "मी पडल्या पडल्या बोलतेय, म्हणजे नाव आहे ना जागेवर?"

"आहे, आई," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जावयाने घरी जाऊन धाकटीवरचे कोट काढले. ती येताना बरोबर सागाची पाटी आणि चार लांब बोल्ट आले. तो मागच्या अरुंद पोकळीत पोटावर सरपटत शिरला, तीन तास तिथेच होता, आणि बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस. धाकटी आल्या आल्या म्हणाली, दिवाणखान्यात फार गरम व्हायचं. मी म्हटलं, गप बस आणि दोर धर.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं जुनं, रंगाखाली गेलेलं काही असेल. ते उखडायच्या आधी खालून एकदा बघा, ते कशाला धरून आहे आणि त्याला कोण धरून आहे. माझं मागणं एवढंच.

काल प्लॅस्टर निघालं. मालकीणबाई कुबडी टेकत पहिल्यांदाच डेकवर आल्या. जावई माझ्यापाशी बसून उरलेला रंग खरवडत होता. त्याने हळूच विचारलं, "आई, हिला पॉलिश करून चकचकीत करू का?"

त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला. मग त्याच्याकडे बघितलं.

"जावईबापू, तुमचे हात चांगले आहेत, डोळे तेवढे दुकानातले आहेत. हिला पॉलिश नको. रोज सकाळी खाली जाऊन हिचे नट बघा, आणि मोजे घरी वाळत घाला."